हॉटपॉट : एकाच पातेल्याभोवती शाकाहारी आणि मांसाहारी कसे बसवायचे?

मृद्गंधा :
नमस्कार मंडळी. आम्ही सिंगापूरला राहतो. दिवाळीला सांगलीहून आईबाबा येताहेत. आमच्या शेजारी चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदूचं एक कुटुंब आहे: नवरा-बायको, मुलगा आणि त्याची आजी. दर दिवाळीला ते आमच्याकडे फराळाला येतात, आजी तर चकल्या मागून नेतात. यंदा त्यांनी आमच्या आईबाबांना हॉटपॉट खायला न्यायचं ठरवलंय. बोलावणं मनापासूनचं आहे, त्यामुळे टाळायचा प्रश्नच नाही.

अडचण अशी की बाबा मटण-मासे आवडीने खातात, पण बीफ आणि पोर्क नाही. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. लेकीला तिखट सोसत नाही. नवरा आणि मी बहुतेक सगळं खातो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: टेबलातच शेगडी बसवलेली असते, तिच्यावर उकळत्या रश्श्याचं पातेलं. मांसाचे पातळ काप, भाज्या, टोफू, मशरूम सगळं कच्चं ताटल्यांतून येतं. आपणच बुडवायचं, शिजलं की काढायचं, वाटीतल्या सॉसमध्ये घोळवून खायचं. दोन-तीन तास आरामात जातात.

आईने कलिंगडाच्या फोडी खात बसावं आणि बाकीच्यांनी जेवावं, हे मला नकोय. तिला सगळ्यांबरोबर पोटभर आणि निःशंक मनाने जेवता यावं. हॉटेलात काय विचारायचं, काय मागवायचं, काय टाळायचं? आणि मुळात हे जमण्यासारखं आहे का?

खवय्या_दादरकर :
वाचतोय. पुढच्या महिन्यात मलाही हीच माहिती लागणार आहे.

घाटमाथा :
मी पुण्यातल्या एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीतर्फे चीनमधल्या चोंगचिंगला राहून आलोय, म्हणून आधी तिथलं सांगतो. शेजारी चेंगदूचे आहेत म्हणजे तेही लाल रश्श्याचंच हॉटेल निवडतील.

पहिली गोष्ट, चोंगचिंग पद्धतीच्या लाल रश्श्यात वर तरंगतं ते तेल नसतं, ती बैलाची चरबी असते. सुक्या मिरच्या, सिचुआन मिरी, आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण हे सगळं त्या चरबीत परततात. म्हणजे बाबांनी बीफची ताटली मागवली नाही तरी रश्श्यात बीफ आहेच. चेंगदूकडे वनस्पती तेलातला लाल रस्साही बऱ्याच ठिकाणी मिळतो, तिथे मोहरीच्या जातीचं तेल वापरतात. तेव्हा 'लाल रस्सा कशात केलाय?' हा तुमचा पहिला प्रश्न.

दुसरी, पातेल्याचे प्रकार. मधोमध वळणदार पत्रा असलेलं दोन कप्प्यांचं पातेलं मिळतं, एकीकडे लाल रस्सा, दुसरीकडे साधा. त्यात पत्रा तळापर्यंत जोडलेला असतो. चोंगचिंगचं खास नऊ घरांचं पातेलं मात्र वेगळं: वरून नऊ चौकोन दिसतात, पण ती नुसती जाळी असते, खालून रस्सा एकच. मधल्या घरात आच जास्त, तिथे पटकन शिजणारं टाकायचं. कोपऱ्यात मंद, तिथे वेळ लागणारं. आईंसाठी ते पातेलं बिनकामाचं.

बाकी त्या शहराबद्दल किती लिहू! उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि तरी लोक संध्याकाळी घाम पुसत हॉटपॉट खातात. १९३८ ते १९४३ या काळात जपानी विमानांनी चोंगचिंगवर बाँबफेक केली, तेव्हा डोंगर पोखरून लोकांसाठी आसरे खोदले होते. त्यातल्या काही बोगद्यांत आज हॉटपॉटची हॉटेलं आहेत. आत गारवा असतो. मी तिथे पहिल्यांदा जेवलो तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून मला वजडी किती वेळ धरायची ते दाखवलं. काठ्यांत (चॉपस्टिक्समध्ये) धरून वर-खाली, वर-खाली, साधारण पंधरा सेकंद, सोडून द्यायची नाही. सोडली की चिवट झाली.

कोकणकन्या_बांदा :
घाटमाथा, सुंदर लिहिलंय. त्या सिचुआन मिरीबद्दल माझंही थोडं. ती आपल्या तिरफळाची सख्खी बहीण आहे. दोन्ही झाडं एकाच कुळातली आणि एकाच वंशातली, लिंबाच्या कुळातली. बांगड्याच्या तिखल्यात आम्ही तिरफळं ठेचून घालतो तेव्हा जिभेला ज्या मुंग्या येतात, त्याच तिथे येतात. बीही दोघींची टाकायची, वास आणि चव सगळी सालीत. लिंबाच्या कुळातली म्हणूनच अमेरिकेने १९६८ पासून २००५ पर्यंत या मिरीच्या आयातीवर बंदी घातली होती, संत्रा-मोसंबीच्या बागांना तिच्याबरोबर रोग येईल या भीतीने.

मृद्गंधाच्या आईबाबांनी घाटावर तिरफळ फारसं खाल्लं नसेल. त्यांना आधी कल्पना दे. ओठ थरथरायला लागले की माणूस घाबरतो, काही विषबाधा झाली की काय वाटतं.

डॉ_निरामय :
ती थरथर मोजलेली आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की ही मिरी ओठाला लावल्यावर सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी संवेदना जाणवते. थोड्या वेळाने आपोआप ओसरते, काळजी नसावी.

वैद्यकीय बाजूने तीन गोष्टी. कच्चं मांस टाकायच्या काठ्या वेगळ्या आणि खायच्या वेगळ्या ठेवा. हे शाकाहारासाठी नाही, सगळ्यांच्याच पोटासाठी. लाल रश्श्यावर तेलाचा थर असतो, त्यामुळे वाफ दिसत नाही आणि तो निवलाय असं वाटतं. निवलेला नसतो. आतून काढलेला घास वाटीत थोडा थांबवूनच तोंडात घाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बहुधा घातक ठरवली, तेव्हा फुंकर मारायचा कंटाळा करू नका. तिसरं, बाबांना युरिक अ‍ॅसिडचा त्रास असेल तर तासभर मांस उकळून झालेला रस्सा शेवटी पिऊ नये. मांसातली प्युरिन्स, ज्यांचं पुढे युरिक अ‍ॅसिड होतं, ती पाण्यात उतरतात. सूप प्यायचंच तर सुरुवातीला.

अन्नपूर्णाकाकू :
मृद्गंधा, स्पष्टच लिहिते, राग मानू नकोस. आईला नेऊ नकोस. मी स्वतः जन्मभर शाकाहारी आहे. समोर कच्च्या मांसाच्या ताटल्या, त्याच टेबलावर त्यांचा रस्सा उकळतोय, वाफ तोंडावर येतेय, कप्पे वेगळे म्हटले तरी उकळी आली की इकडचं तिकडे उडणारच. ती तुझ्यासाठी हसतमुखाने बसेल आणि घरी येऊन उपाशी झोपेल. आपल्या माणसांना संकोचात पाडू नये. त्या शेजाऱ्यांना घरी जेवायला बोलाव, त्यात दोघांचाही मान राहतो.

पालेभाजी :
काकू, तुमचं उडण्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दोन कप्प्यांच्या पातेल्यात शाकाहारी माणसाने जेवू नये, पत्रा कितीही उंच असला तरी. पण 'नेऊ नकोस' हे मला मान्य नाही. मी शांघायला नोकरीनिमित्त राहते, शाकाहारी आहे, आणि चिनी जेवणात मला सगळ्यात सुरक्षित वाटतं ते हॉटपॉटच. कारण इथे काय शिजतंय ते डोळ्यांसमोर दिसतं. भटारखान्यातून तयार होऊन आलेल्या भाजीत खिमा किंवा सुकी कोळंबी आहे का, हे खाल्ल्याशिवाय कळत नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येकाला वेगळं छोटं पातेलं देणारी हॉटेलं असतात, सिंगापूरलाही आहेत. तिथेच जा, किंवा मोठ्या हॉटेलात आईसाठी स्वतंत्र पातेलं मागा.

आता सापळे. मशरूम रस्सा आणि टोमॅटो रस्सा नावाने शाकाहारी वाटतात, पण पुष्कळदा हाडांच्या उकळीत केलेले असतात. सरळ साधं गरम पाणी मागावं आणि त्यात आलं, मक्याचं कणीस, टोमॅटो, वेगवेगळे मशरूम आपणच घालावेत. वीस मिनिटांत त्याला उत्तम चव येते. 'फिश टोफू' हा टोफू नव्हे, ती माशाच्या गराची वडी. पिवळसर नळीसारखा येतो तो अंड्याचा टोफू. सॉसच्या टेबलावर ऑयस्टर सॉस असतो, सुक्या कोळंबीचा शाचा सॉस असतो. तिळाची पेस्ट, सोया सॉस, काळं व्हिनेगर, लसूण, कोथिंबीर, तीळ, शेंगदाण्याचा कूट हे चालतं.

आणि खायला किती आहे बघा: कमळकाकडीचे काप, बटाटा, अळकुडीच्या जातीचा कंद, कोहळा, पालेभाज्या, कानाच्या आकाराचे काळे मशरूम, एनोकी मशरूम, तळलेली टोफूची सालं, गोठवलेला टोफू. हा शेवटचा अवश्य घ्या. गोठवल्याने त्याला आतून भोकं पडतात आणि तो सगळा रस्सा शोषून घेतो. शेवटी रताळ्याच्या शेवया. त्या आधी टाकू नका, रस्सा गढूळ होतो.

वेटरला 'व्हेजिटेरियन' एवढंच म्हणून भागत नाही. 'बौद्ध लोक खातात तसं' असं सांगा. लगेच कळतं. त्यात मांस-मासे तर नाहीतच, पुष्कळदा कांदा-लसूणही नसतो. शेजारच्या आजींना विचारून बघ. त्यांच्या पिढीतल्या अनेक जणी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत. पंधरावा म्हणजे जवळपास आपली पौर्णिमाच.

मृद्गंधा :
पालेभाजी, तू सोन्यासारखी माहिती दिलीस! आत्ताच आजींच्या सुनेला विचारून आले. आजी खरोखरच पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पाळतात. इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीतच नव्हतं. त्रिपुरी पौर्णिमेला जायचं असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलंय. आजी आणि आई मिळून एक पातेलं.

अन्नपूर्णाकाकू :
हे मात्र छान झालं. आजीबाई बरोबर असतील तर आईला एकटं वाटणार नाही. मीठ-मिरपूड घेऊन जा सोबत.

रगेल_रसिक :
शेजारी चेंगदूचे आहेत ना? फराळात त्यांना आपला शेजवान डोसा द्या आणि बघा शेजारधर्म टिकतो का :)

कोकणकन्या_बांदा :
रगेल, हसले, पण सिचुआनचं नुसतं नाव लावणाऱ्या शेजवान चटणीलाही माझा पाठिंबा आहे. तिच्यात ती मिरी नसते, लसूण-मिरची-व्हिनेगरचं ते आपलं मुंबईकलकत्त्याकडचं पोरगं आहे. ते ते त्यांच्या जागी चांगलं.

हुगळीकाठ :
कलकत्त्याचा विषय निघालाच आहे तर, इथल्या जुन्या चिनी हॉटेलांत 'चिमनी सूप' मिळतं. मधे धुराड्यासारखी नळी असलेलं भांडं, नळीत निखारे, भोवती उकळता रस्सा. गणेशचंद्र अ‍ॅव्हेन्यूवरच्या 'ओ च्यू'चं प्रसिद्ध आहे, आधी सांगून ठेवावं लागतं. तेच भांडं तिबेटी लोकांकडे 'ग्याको' म्हणून आहे, धरमशाळेकडे बघायला मिळतं. तेव्हा हॉटपॉट खायला परदेशीच जायला हवं असं नाही.

उत्तरायण :
ते निखाऱ्यांचं भांडं बीजिंगचं. आणि मला वाटतं, मृद्गंधाच्या बाबांसाठी खरं उत्तर तिथेच आहे, इकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. सगळे सिचुआनबद्दल बोलताहेत. बीजिंग पद्धतीचा हॉटपॉट हा मुळी मटणाचाच. रस्सा म्हणजे जवळजवळ नुसतं पाणी, त्यात आलं, कांद्याची पात, कधी दोन-चार सुकी लाल बोरं. कधी सुकी कोळंबीही टाकतात, तेवढं शाकाहारींनी विचारावं. मटणाचे इतके पातळ काप की दहा-वीस सेकंदांत रंग पालटतो. सोबत तिळाची पेस्ट, आंबवलेला टोफू, लसणीच्या पातीच्या फुलांची चटणी आणि गोडसर मुरवलेला लसूण. बीजिंगचं १९०३ मध्ये सुरू झालेलं 'तुंग लाय शुन' यासाठीच प्रसिद्ध आहे. ते चीनमधल्या हुई मुसलमानांचं, त्यामुळे पोर्कचा प्रश्नच येत नाही. जपान्यांचं शाबू-शाबूही यातूनच निघालं, ओसाकाच्या 'सुएहिरो'ने ते नाव १९५२ मध्ये दिलं.

मसाल्याच्या मागे मांस लपतं, पाण्यात लपत नाही. मटण चांगलं नसेल तर पहिल्याच घासाला कळतं. माझ्या मते हॉटपॉट खाण्याची हीच सगळ्यात प्रामाणिक रीत.

घाटमाथा :
>> मसाल्याच्या मागे मांस लपतं
अमान्य! लाल रश्श्यात वजडी, बदकाचं आतडं यांचा स्वाद लपत नाही, खुलतो. असं सांगतात की नदीवर माल चढवणारे-उतरवणारे, बोटी ओढणारे हमाल कत्तलखान्यातून कुणी न घेतलेलं स्वस्तात आणून हे असं शिजवायचे. गरिबाने जे हाती लागलं त्याचं सोनं केलं. त्याला अप्रामाणिक म्हणणं मला पटत नाही. वाटीत तिळाचं तेल आणि भरपूर ठेचलेला लसूण घेतात तेही उगाच नाही. तिखटाचा जाळ तेलात विरघळतो, पाण्यात नाही, शिवाय घास निवतो.

उत्तरायण :
अप्रामाणिक म्हणायचं नव्हतं, शब्द मागे घेतो. पण बाबांना मटण-पाण्यालाच न्या.

किफायतशीर :
सिंगापूरकर म्हणून व्यवहाराचं बोलतो. ताटलीच्या किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात. आधी १० टक्के सेवाशुल्क, मग त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. म्हणजे १०० डॉलरचे ११९ डॉलर ९० सेंट. शिवाय रस्सा वेगळा, सॉसचं टेबल माणशी वेगळं, आणि बसल्याबसल्या आणून ठेवलेले शेंगदाणे व ओले रुमाल यांचेही पैसे लागतात. नको असतील तर हात न लावता परत करा, कुणी वाईट वाटून घेत नाही. अर्ध्या ताटल्या मिळतात का विचारा, विविधता वाढते.

तुम्ही पाहुणे आहात तेव्हा बिलावरून झटापट होईल. चिनी यजमान बिल कुणाला देऊ देत नाहीत. तुम्ही दुसऱ्या दिवशी फळांची पेटी द्या.

बडबडगीत :
मुलं बरोबर असतील तर हायदिलाओला जा! १९९४ मध्ये सिचुआनच्या जिआनयांगमध्ये सुरू झालेली साखळी, चीनबाहेरची पहिली शाखा २०१२ मध्ये सिंगापूरलाच उघडली. चार कप्प्यांचं पातेलं मिळतं. वाट बघताना खाऊ, बऱ्याच शाखांत नखं रंगवून देतात, केसांना रबर, फोनला प्लास्टिकची पिशवी. नूडल मागवल्या की एक मुलगा येऊन टेबलासमोर लांबच लांब पट्टा नाचवत ताणतो, लेकीचे डोळे विस्फारतील. एकटं कुणी जेवायला गेलं तर समोरच्या खुर्चीत मोठं बाहुलं आणून बसवतात.

अन्नपूर्णाकाकू :
एकट्या माणसासमोर बाहुलं? मला ते फार आवडलं.

उत्तरायण :
मला अशी सतत विचारपूस नकोशी होते. हॉटपॉटला आपल्या माणसांशी बोलायला जायचं. हुरड्याच्या आगटीभोवती बसतो तसं ते आहे, मधे कुणी येऊन सेवा करायला लागलं की गप्पा तुटतात.

मृद्गंधा :
मंडळी, काल पौर्णिमेला जाऊन आलो. तपशील लिहिते, कारण पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

शेजाऱ्यांनी आधीच फोन करून सगळं ठरवलं होतं. तीन पातेली. एक आई आणि आजींचं, नुसतं पाणी. त्यात आजींनी आलं, कणीस, मशरूम आणि खारकेसारखी लाल बोरं घातली. दुसरं बाबा, मी आणि मुलांचं, उत्तरायण म्हणाले तसं साधं, मटण आणि कोळंबीसाठी. तिसरं लाल, शेजारी नवरा-बायको आणि माझ्या नवऱ्याचं. तो वनस्पती तेलातला रस्सा निघाला, पण बाबांनी तरीही लांबूनच नमस्कार केला. आईंच्या पातेल्याच्या काठ्या, चमचा, झारा सगळं वेगळं ठेवलं. त्या दोघींची जागा टेबलाच्या टोकाला, म्हणजे मांसाच्या ताटल्या समोरून जात नव्हत्या. काकू, तुमच्या सूचनेवरूनच हे सुचलं, मनापासून आभार.

आईला गोठवलेला टोफू सगळ्यात आवडला. तिळाच्या पेस्टमध्ये शेंगदाण्याचा कूट, व्हिनेगर आणि थोडी साखर घालून तिने स्वतःची चटणी केली, ती आजींना एवढी पटली की त्यांनी सुनेलाही तीच करायला लावली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी किती वेळ उकळायचं यावरून त्यांचा वाद झाला, आई कमळकाकडी मऊ करू पाहत होती आणि आजी काढून घेत होत्या. बाबांनी एक सिचुआन मिरी नुसती चावून पाहिली आणि पुढची दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत. धुरी दिलेल्या आलुबुखारांचं आंबटगोड गार सरबत मागवलं, त्याने बरं वाटलं त्यांना.

बिल त्यांनीच दिलं. आज पपनसांची पेटी देऊन आले.

पालेभाजी :
वाचून फार आनंद झाला. कमळकाकडीच्या वादात मी आजींच्या बाजूची, ती करकरीतच हवी.

खवय्या_दादरकर :
आता एक सांगा, हे घरी करता येईल का? दादरच्या घरी, साध्या इंडक्शनवर?

घाटमाथा :
येतं की. रुंद, उथळ, बुडाला सपाट आणि चुंबक चिकटेल असं स्टीलचं पातेलं घ्या, निम्म्याहून थोडंच वर भरा. गॅसवर पाणी आधी उकळून आणा म्हणजे इंडक्शनला फक्त उकळी टिकवायचं काम राहतं. ताटल्या एकदम ओतू नका, रस्सा थंड पडतो आणि मांस चिवट होतं. मटण कापायचं असेल तर फ्रीझरमध्ये तासभर घट्ट करून धारदार सुरीने कापा, खाटकाकडून मांडीचं बिनहाडाचं घ्या. आणि खिडकी उघडी ठेवा, लाल रस्सा केलात तर पडद्यांना दोन दिवस वास राहतो.

कोकणकन्या_बांदा :
मिरी मिळाली नाही तर तिरफळं वापर, पण निम्मीच. आणि बिया काढायला विसरू नकोस, दाताखाली वाळूसारख्या लागतात.